सावलीत कोण नांदतं?

‘घरामागे काही येतच नाही’ ही तक्रार आपल्या कुंभिवलीत घरोघरी ऐकू येते. मागल्या दारी मोगरा लावला, तर नुसता पाला झाला. तुळस लावली, ती काटकुळी वाढून आडवी पडली. गुलाबाचं तर नावच नको. मग तिथे सिमेंटचा कोबा होतो, नाहीतर अडगळ साठते. मला याचं फार वाईट वाटतं पोरांनो. कारण इथून जवळच, माथेरानच्या गच्च झाडीखाली, जिथे भर दुपारी तिरीपही पोहोचत नाही, तिथे पावसाळ्यात जमीन हिरवीगार होते. ती झाडं सावलीत सुखानं कशी नांदतात, हे एकदा कळलं की मागल्या दाराचं कोडं सुटलंच म्हणून समजा.

आधी घराच्या सावलीचं बघू. आपलं गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला, जवळजवळ 19 अंशांवर. त्यामुळे वर्षाचा बराचसा काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. 22 डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी दहा फूट उंच भिंतीची सावली उत्तरेला नऊ फूट पडते. मोजून बघा हवं तर. पण मेच्या मध्यावर एक दिवस असा येतो की सूर्य थेट डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्या पायाशीच गडप होते. हा शून्य सावलीचा दिवस. तिथून पुढे अडीच महिने सूर्य दुपारी आपल्या उत्तरेला असतो. जुलै संपता संपता तो पुन्हा डोक्यावर येतो आणि दक्षिणेला वळतो. म्हणजे जिला आपण कायम सावलीची समजतो, त्या उत्तरेच्या भिंतीवर मे महिन्यात चांगलं ऊन येतं. दिवाळीत लावलेला, थंडीभर टवटवीत राहिलेला नेचा मे महिन्यात अचानक करपतो, तो यामुळे. त्याला तेवढे तीन आठवडे आडोसा द्यायचा. जूनमध्ये ढग आले की तो आपोआप सावरतो.

आता झाडाची सावली. भिंतीच्या सावलीत आणि फणसाच्या सावलीत काय फरक? आपल्या डोळ्यांना दोन्हीकडे अंधूकच दिसतं. झाडाला मात्र फरक कळतो! भिंत ऊन अडवते, पण मोकळ्या आभाळाचा उजेड खाली येतोच. फणसाचं पान वेगळं वागतं. उन्हातला लाल आणि निळा प्रकाश ते स्वतःच्या अन्नासाठी शोषून घेतं, आणि लालच्याही पलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा अतिलाल प्रकाश खाली सोडून देतं. खालच्या रोपाला त्यावरून कळतं की डोक्यावर दुसऱ्या कुणाची पानं आहेत.

हे कळलं कसं, त्याची गोष्ट तर फारच सुंदर आहे. 1952 साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथल्या सरकारी शेती संशोधन केंद्रात बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी लेट्यूसचं बी भिजवून अंधारात ठेवलं. त्यावर थोडा वेळ लाल प्रकाश टाकला, बी रुजलं. लालनंतर अतिलाल टाकला, बी निजूनच राहिलं. मग लाल, अतिलाल, लाल, अतिलाल असा खेळ मांडला. प्रत्येक वेळी शेवटचा प्रकाश कोणता, त्यावरच बियाचा निर्णय ठरला. हे ओळखणाऱ्या द्रव्याला पुढे फायटोक्रोम हे नाव मिळालं. आपली तुळस काटकुळी का झाली, याचं उत्तरही इथेच आहे. तिला सावली जाणवली आणि ती उन्हापर्यंत पोहोचायला उंच धावली. फांद्या, मंजिऱ्या सगळं बाजूला ठेवून नुसती उंची वाढवली. सावलीत नांदणारी झाडं ही धावाधाव करतच नाहीत. वरच्या फणसाशी आपल्याला उंचीत स्पर्धा करायची नाही, हे त्यांच्या बियातच लिहिलेलं असतं.

मग ती जगतात कशावर? झाडाचंही घरच्या संसारासारखंच असतं, मिळकत आणि खर्च. उन्हात अन्न तयार होतं ती मिळकत, श्वासोच्छ्वासात जातं तो खर्च. भर दुपारचं ऊन सुमारे एक लाख लक्स असतं आणि दाट रानाच्या तळाशी त्यातला शेकडा एक-दोन भागच उरतो. एवढ्यात गुलाबाचा खर्च भागत नाही, अळूचा भागतो. सावलीतलं पान पातळ, रुंद आणि गडद हिरवं असतं. ते बनवायला कमी माल लागतो आणि पोसायलाही कमी लागतं. फणसाच्या शेंड्याचं एक पान आणि आतल्या, सावलीतल्या फांदीचं एक पान तोडून शेजारी ठेवा. एकाच झाडाची ही दोन पानं! आतलं बोटांना किती मऊ लागतं ते बघा.

शिवाय कवडसे असतात. झाडाखाली हलणारे ते गोल ठिपके म्हणजे सूर्याची छोटी छोटी चित्रंच. सूर्यग्रहणात ते सगळे कोरीसारखे होतात, खाली सावलीत बघितलं तरी ग्रहण दिसतं. काही रानांत तळाच्या झाडांची निम्म्याहून जास्त मिळकत या कवडशांतूनच येते. पहिल्या कवडशाला पान जागं व्हायला काही मिनिटं घेतं, पण एकदा जागं झालं की पुढचा कवडसा वाया जाऊ देत नाही. म्हणून मी सांगतो, आंब्याची फांदी सरसकट छाटू नका. आतल्या चार बारीक फांद्या विरळ करा, खाली कवडसे पडले की पुरे.

आता लावायचं काय? भिंतीकडेच्या ओलीला अळू आणि पेवा. अळूच्या पानाच्या टोकाला सकाळी थेंब लोंबतो, त्याला आपण दव म्हणतो, पण ते अळूनं मुळांतून ओढून रात्रभर बाहेर टाकलेलं पाणी असतं. पेव्याची तर मला भारी माया. त्याचा दांडा वरून न्याहाळा. पानं गोल जिन्यासारखी एकेक करून वळत वर चढतात, त्यामुळे वरचं पान बरोबर खालच्याच्या डोक्यावर येत नाही. भर पावसात लाल कणसातून पांढरं, चुरगळल्यासारखं फूल उमलतं, ते कुठल्याही विकतच्या फुलाच्या तोडीचं आहे.

झाडाखाली हळद, आंबेहळद, सुरण आणि शेवळं. शेवळाची हुशारी काही औरच. आपल्याकडचं रान पानगळीचं. साग, ऐन ही झाडं उन्हाळ्यात बोडकी होतात. वळवाचे दोन शिंतोडे पडले की शेवळ पान येण्याआधीच फूल वर काढतं. त्याच्या वासाला माश्या भुलतात आणि परागीकरण उरकतं. मग एकच पान छत्रीसारखं उघडतं, पावसाळाभर सावलीत थोडं थोडं कमावून कंदात साठवतं आणि दिवाळीच्या आसपास जमिनीत गडप होतं. कर्जत-खोपोलीच्या बाजारात ठाकर, कातकरी बाया शेवळं आणतात, सोबत काकडाची आंबट फळं असतात. शेवळात कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांसारखे स्फटिक असतात, ते घशाला खाजतात; काकडाच्या आंबटपणाशिवाय त्या भाजीची चव लागत नाही आणि घसाही धरतो.

त्याच्याच गोतातला सापकांदा पावसात फणा काढून उभा राहतो. सापकांद्याच्या कित्येक जातींत कंद लहान असेल त्या वर्षी झाड नर असतं, साठा वाढला की मादी होतं, आणि फळं धरून दमलं की पुन्हा नर! मात्र तो डोंगरातच बघायचा. खणून आणायचा नाही, यात मी कुणाचं ऐकणार नाही.

आणि मिरी. रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रानं नारळाच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी लावून ‘लाखी बाग’ उभी केली, तेच आपल्या फणसाखाली छोट्या प्रमाणात करता येईल. वेली आधार कसा शोधतात, याचा एक चमत्कार ऐका. 1975 साली स्ट्राँग आणि रे या दोन संशोधकांनी कोस्टारिकाच्या रानात पाहिलं की मॉन्स्टेरा या वेलीचं कोवळं रोप उजेडाकडे न जाता अंधाराकडे सरपटतं. रानात सर्वांत काळोखी जागा म्हणजे जाड बुंधा, तिथे पोहोचलं की ते वर चढायला लागतं. आपल्या मिरीला एवढा शोध घ्यावा लागू नये, म्हणून खड्डा बुंध्यापासून फूटभर अंतरावर, उत्तरेच्या अंगाला घ्यायचा. थंडीत आणि फाल्गुन-चैत्रात दुपारचं ऊन दक्षिणेकडून येतं, तेव्हा बुंध्याची सावली बरोबर कोवळ्या वेलावर पडते.