यंत्राची नजर, डॉक्टरांची सही

भोईवाड्याजवळच्या पदपथावर फायलींची पिशवी उशाला घेऊन पडलेली माणसे मुंबईकरांना नवी नाहीत. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. तिथे आयआयटी मुंबईसारख्या संस्थांच्या साथीने कर्करोगाच्या सीटी, एमआरआय प्रतिमांची पेढी उभारली जात असल्याचे २०२३ साली वाचनात आले. या प्रतिमांवरून संगणकाला गाठ ओळखायला शिकवायचे. गाठीभोवती रेघ मारून ‘ही बघ’ असे दाखवावे लागते ते मात्र डॉक्टरांनाच! थकलेल्या डोळ्यांना ही मदत हवीच. पण निदान चुकले तर जाब यंत्राला कसा विचारणार? अहवालाखाली सही डॉक्टरांचीच हवी. आणि ज्याच्या छातीच्या चित्रावर यंत्र शहाणे होते, त्या रुग्णाची परवानगी भोजपुरीत, वऱ्हाडीत, शेजारी बसून घ्यावी. रांगेत इंग्रजी कागद पुढे करून नव्हे.