ईशज्ञानाच्या परंपरा आणि पोपची दृष्टी

पोपपदावरील व्यक्तीचे वर्णन करताना ‘परंपरावादी’ व ‘सुधारणावादी’ ही राजकारणातील विशेषणे सर्रास योजिली जातात. मात्र पोप ज्या ईशज्ञानपरंपरेत घडले, ती ध्यानात घेतल्याविना त्यांच्या भूमिकांचा उलगडा होत नाही.

कॅथलिक विचारात दोन प्रमुख प्रवाह दिसतात. संत ऑगस्टीन (३५४-४३०) यांनी पापामुळे दुर्बल झालेली मानवी इच्छा व तिला सावरणारी ईशकृपा यांवर भर दिला. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांच्या मते ईशकृपा मानवी स्वभावाला पूर्णत्व देते. म्हणून बुद्धीवर विश्वास ठेवता येतो. लिओ तेरावे यांनी १८७९ च्या परिपत्रकाद्वारे थॉमसप्रणीत विचाराला अध्यापनात अग्रस्थान दिले. १८९१ च्या ‘रेरूम नोव्हारूम’मध्ये त्यांनी निसर्गनियमाच्या आधारेच कामगाराच्या न्याय्य वेतनाचा पुरस्कार केला.

या भेदाचे बोलके उदाहरण म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेचा १९६५ मधील ‘गाउदियुम एत स्पेस’ हा दस्तऐवज. थॉमसप्रणीत विचार व मॅक्स शेलर यांचे तत्त्वज्ञान अभ्यासलेले कॅरोल वोयतिवा त्याच्या मसुद्यात सहभागी होते. पुढे जॉन पॉल दुसरे म्हणून मानवी प्रतिष्ठेचा विचार मांडताना त्यांनी त्याचा वारंवार आधार घेतला. उलट, ऑगस्टीन व बोनाव्हेंतुरा यांवर प्रबंध लिहिणाऱ्या जोसेफ रात्सिंगर यांना, म्हणजे पुढील काळातील बेनेडिक्ट सोळावे यांना, त्यातील मानवी स्वातंत्र्याचे विवेचन पापाची पुरेशी दखल न घेणारे व अतिआशावादी वाटले. हे दोघे निकटचे सहकारी होते. तरीही एकाच मजकुराकडे पाहण्याची त्यांची दृष्टी भिन्न होती.

फ्रान्सिस यांच्यावर येशूसंघीय साधनेबरोबर अर्जेंटिनातील ‘जनतेच्या ईशज्ञाना’चा संस्कार होता. लुसिओ गेरा आदींच्या या विचाराने वर्गसंघर्षाच्या मार्क्सवादी चौकटीऐवजी सामान्यांची संस्कृती व भक्ती यांना आधार मानले. त्यामुळे फ्रान्सिस यांची गरिबांविषयीची कळकळ निव्वळ ‘डावी’ ठरवणे अपुरे आहे.

२०२५ मध्ये निवडून आलेले लिओ चौदावे ऑगस्टीनसंघीय असून त्यांनी पेरूमध्ये दीर्घकाळ सेवा केली आहे. फ्रान्सिस यांनी आरंभिलेले गरिबांविषयीचे ‘दिलेक्सी ते’ हे लेखन त्यांनी त्याच वर्षी पूर्णत्वास नेले. परंपरा एकमेकींत मिसळतात, याचे हे द्योतक होय.

सारांश, परंपरा पोपचे निर्णय आधीच ठरवीत नाही. परंतु कोणता प्रश्न प्रथम विचारावा, हे मात्र ती शिकवते.