विश्लेषण : डोळ्यांच्या फोटोवरून किडनीचा आजार ओळखता येईल?

मधुमेहाच्या रुग्णांना डॉक्टर दरवर्षी डोळ्यांचा पडदा (रेटिना) तपासून घ्यायला सांगतात. त्याच फोटोतून किडनी बिघडत असल्याचा इशाराही मिळाला तर? कृत्रिम बुद्धिमत्तेच्या (एआय) मदतीने संशोधक हेच आजमावत आहेत.

डोळे आणि किडनीचा संबंध काय?

दोन्हींमध्ये अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. मधुमेह आणि उच्च रक्तदाबाचा फटका दोन्हीकडे बसतो. किडनीतील जाळे बाहेरून दिसत नाही. पडद्यावरील रक्तवाहिन्या मात्र सुई न टोचता फोटोत दिसतात.

याची गरज का?

किडनीचा आजार सुरुवातीला दुखत-खुपत नाही. किडनीची क्षमता बरीच घटली तरी रक्तातील क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकते. काही रुग्णांना तर डायलिसिसची वेळ आल्यावरच आजार कळतो.

संशोधनात काय आढळले?

सिंगापूरमधील संशोधकांनी तेथील चिनी, मलय आणि भारतीय वंशाच्या ६,४८५ जणांच्या फोटोंवर एआय प्रणाली तयार करून तपासली. हा अभ्यास २०२० मध्ये ‘द लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. एक रुग्ण आणि एक निरोगी व्यक्ती, अशा १०० जोड्या दिल्या तर प्रणाली सुमारे ९१ जोड्यांत रुग्ण बरोबर ओळखेल, असे निष्कर्ष सांगतात. सिंगापूरमधीलच दुसऱ्या गटात मात्र हे प्रमाण ७३ वर आले, तर बीजिंगमधील गटात ते ८३ च्या आसपास राहिले.

मग अडचण कुठे?

वय, लिंग, वंश, मधुमेह आणि रक्तदाब या पाच गोष्टींवरून बांधलेला अंदाजही पहिल्या गटात जवळपास तितकाच अचूक ठरला. फोटो आणि ही माहिती एकत्र केल्यावर अचूकता थोडी वाढली. त्यामुळे फोटो हा इशारा आहे, निदान नव्हे. डोळे तपासायला आलेल्या, पण किडनीची तपासणी कधीच न केलेल्या रुग्णाला पुढच्या चाचणीकडे वळवणे, हा त्याचा खरा उपयोग.

रुग्णांनी काय करावे?

मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमितपणे रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासावे. एका रिपोर्टने घाबरू नये. बिघाड तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला, तरच तो दीर्घकालीन आजार मानला जातो. डोळ्यांचा फोटो ‘चांगला’ आला म्हणून या दोन चाचण्या टाळू नयेत.