शुक्रवारच्या दिशेने चालणारी शाळा

अमेरिकेतल्या अनेक ज्यू बालवाड्यांत सोमवारची सकाळ वासाने सुरू होते. तीन-चार वर्षांची मुलं गोल करून बसतात आणि बाई एक लहानशी डबी फिरवतात. डबीत लवंगा आणि दालचिनीचे तुकडे असतात. प्रत्येक मूल नाक खुपसून वास घेतं आणि डबी शेजारच्याकडे सरकवतं. मग अनेक वाती एकत्र वळलेली मेणबत्ती पेटते, तिच्या उजेडात मुलं आपली नखं न्याहाळतात आणि शेवटी ज्योत द्राक्षाच्या रसात बुडवून विझवली जाते. याला हवदाला म्हणतात. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, संपल्यावर त्याला निरोप देण्याचा हा विधी. खरा निरोप शनिवारी रात्री आकाशात तारे दिसल्यावर घरीच द्यायचा असतो. पण बहुतेक मुलांच्या घरी तो दिला जात नाही, म्हणून शाळा सोमवारी तो करून दाखवते.

या बालवाड्यांबद्दल वाचताना माझं लक्ष या शेवटच्या गोष्टीनं वेधून घेतलं. इथे घराची परंपरा शाळेत येत नाही, शाळेची परंपरा घरी जाते. आणि ती नेण्याचं काम चार वर्षांच्या मुलाकडे असतं.

त्यासाठी शाळेनं निवडलेलं साधन म्हणजे आठवडा. हिब्रूत वारांना आकडे आहेत, रविवार पहिला, सोमवार दुसरा. नाव आहे ते फक्त सातव्याला. त्यामुळे भिंतीवरच्या तक्त्यावर रोज सकाळी वार लावताना मूल मोजत असतं. आज तिसरा दिवस, शब्बाथला किती उरले? अंकगणित आणि धर्म यांच्यात या वयात भिंत नसते. मुलाला समजतं ते एवढंच की सगळे दिवस एका ठिकाणाकडे चालले आहेत.

गुरुवारी, कुठे शुक्रवारी सकाळीच, पीठ मळलं जातं. खल्ला हा शब्बाथचा पाव. मैदा, यीस्ट, अंडी, तेल आणि थोडी साखर घालून मळलेल्या पिठाच्या लांब वळ्या करून त्यांची वेणी घालायची. मापाच्या वाट्या मुलांच्याच हातात असतात. यीस्ट फुगेपर्यंत थांबावं लागतं, आणि या वयाच्या मुलाला थांबायला शिकवणं हा मोठाच धडा आहे. पीठ पुरेसं मोठं असेल तर त्यातला एक लहान गोळा बाजूला काढतात. जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा तो पुरोहितांचा वाटा असे. आता तो जाळून टाकतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पडलेल्या मंदिराशी मुलाची पहिली ओळख अशी पिठाच्या गोळ्यातून होते.

शुक्रवारी वर्गाचं रूप पालटतं. टेबलावर पांढरं कापड पसरलं जातं. त्या आठवड्यात ज्या मुलांची पाळी असेल ती 'शब्बाथची आई' आणि 'शब्बाथचे बाबा' होतात, आणि त्यांच्या घरच्यांनाही बोलावणं असतं. सर्वांत आधी त्सेदाकाचा, म्हणजे दानाचा, डबा फिरतो. दान आधी का, याला कारण आहे. शब्बाथ लागला की पैशाला हात लावायचा नसतो, म्हणून नाणी मेणबत्त्या पेटण्यापूर्वीच पडायला हवीत. मग मेणबत्त्या लागतात आणि मुलं डोळे हातांनी झाकून आशीर्वाद म्हणतात. द्राक्षाचा रस येतो, पाठोपाठ कापडाखाली झाकलेले दोन खल्ला. वाळवंटात भटकणाऱ्या पूर्वजांना शुक्रवारी आकाशातून दुप्पट अन्न मिळे अशी तोराची, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाची, कथा आहे. दोन पाव ही त्याची आठवण. साठलेल्या नाण्यांचं काय करायचं हे अनेक शाळांत मुलंच ठरवतात. प्राण्यांच्या निवाऱ्याला द्यायचे की भुकेल्यांच्या स्वयंपाकघराला, यावर चार वर्षांची मुलं गंभीरपणे चर्चा करतात. मला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण दान म्हणजे काय हे सांगण्याआधी मुलाला त्याचा निर्णय घ्यायला दिला जातो.

मधल्या दिवसांत इतर बालवाड्यांत चालतं तेच चालतं. वाळू, रंग, ठोकळे, भांडणं. पण धर्म मध्येच कुठेतरी डोकावतो, विशेषतः खाऊच्या वेळी. ज्यू परंपरेत खाण्यापूर्वीचा आशीर्वाद पदार्थाप्रमाणे बदलतो. झाडाच्या फळाला एक, जमिनीतून येणाऱ्या उत्पन्नाला दुसरा, धान्याच्या पदार्थांना तिसरा. म्हणजे सफरचंद खाण्याआधी ते कुठे लागतं हे माहीत असायला हवं. केळं आलं की पेच पडतो. दिसायला झाड, पण केळीला टिकणारं लाकडी खोड नसतं, दरवर्षी बुंध्यापासून नवी फूट येते, म्हणून शास्त्रानुसार केळं जमिनीच्या उत्पन्नात मोडतं. केळीची बाग पाहिलेल्या कोणाही मराठी माणसाला हे लगेच पटेल. न्यूयॉर्कच्या मुलाला ते चित्र दाखवून शिकवावं लागतं. तालमुद या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथातला आणखी एक नियम या वर्गांत आवर्जून शिकवला जातो: आपण जेवण्याआधी आपल्या जनावराला घालायचं. वर्गात कासव किंवा मासा पाळलेला असेल तर त्याच्यापासूनच सुरुवात.

तोराच्या वाचनाचेही आठवड्याप्रमाणे ५४ भाग पाडलेले आहेत. जगभरच्या सिनेगॉगांत, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहांत, एका शनिवारी सहसा एकच भाग वाचला जातो आणि शरद ऋतूतल्या सणाला चक्र पुन्हा पहिल्या पानावर येतं. बालवाडीही त्या चक्रावर चालते. नोहाच्या आठवड्यात प्राण्यांच्या जोड्या लागतात. अब्राहामाच्या आठवड्यात चादरींचा तंबू उभा राहतो, कारण त्याच्या तंबूत आलेला पाहुणा उपाशी जात नसे. इथे शिक्षिकांना निवड करावी लागते. महापुरात बुडालेल्यांचं काय, हा प्रश्न एखादं मूल विचारतंच. इजिप्तवरच्या दहा संकटांत बेडकांचं संकट खेळण्यातल्या बेडकांनी रंगतं, पण शेवटचं संकट प्रथम जन्मलेल्या मुलांच्या मृत्यूचं आहे. बहुतेक ठिकाणी या वयाला ते सांगत नाहीत, आणि अब्राहाम आपल्या मुलाला वेदीवर नेतो ती कथाही मागे ठेवतात. काहींना ही पळवाट वाटते. मला ती योग्य वाटते. कथा पळून जात नाही. पुढल्या वर्षी, त्याच आठवड्यात ती पुन्हा येणारच आहे आणि तेव्हा ऐकणारं मूल एका वर्षानं मोठं असेल.

इतक्या लहान मुलांची शाळा ही मात्र या परंपरेत नवी गोष्ट आहे. तालमुद सांगतं की मंदिराच्या अखेरच्या काळातला महापुरोहित यहोशुआ बेन गामला यानं गावोगावी शिक्षक नेमले आणि सहा-सात वर्षांपासूनची मुलं त्यांच्याकडे धाडावीत असा दंडक घातला. त्याच ग्रंथात वर्गाचं प्रमाणही आहे: एका शिक्षकाकडे २५ मुलं, ४० झाली तर मदतनीस, ५० झाली तर दुसरा शिक्षक. आपल्याकडच्या कित्येक वर्गांना आजही हे साधलेलं नाही. मध्ययुगात जर्मनी आणि फ्रान्समधल्या ज्यूंमध्ये मुलाच्या पहिल्या दिवसाचा सुंदर विधी होता. पाटीवर लिहिलेल्या अक्षरांवर मध लावायचा आणि मुलानं तो चाटायचा. पण त्याहून लहान मुलांचं शिक्षण घरीच होई.

बालवाडी आली ती फ्रोबेलच्या जर्मनीतून. त्यानं १८४० मध्ये आपल्या संस्थेला किंडरगार्टन हे नाव दिलं आणि १८५१ मध्ये प्रशिया सरकारनं त्यावर बंदी घातली. १८६० मध्ये बंदी उठल्यावर बर्लिनमध्ये ही चळवळ पुढे नेणाऱ्यांत लीना मॉर्गेनस्टर्न ही ज्यू लेखिका आघाडीवर होती. पुढे १८९८ मध्ये पॅलेस्टाईनमधल्या रिशोन लेत्सियॉन या वसाहतीत पहिली हिब्रू बालवाडी निघाली. तिच्यासमोरची अडचण आज कल्पनेपलीकडची वाटते. शिकवायची भाषा हिब्रू, आणि ती शतकानुशतकं प्रार्थनेची व ग्रंथांची भाषा राहिलेली. घरात आई-वडील यिडिश, रशियन किंवा अरबी बोलणारे. चेंडू, बाहुली, झोपाळा यांवर मुलांना म्हणता येतील अशी गाणीच नव्हती. ती नव्यानं रचावी लागली. लेविन किपनिस (१८९४–१९९०) या कवीनं आयुष्यभर जवळजवळ हेच काम केलं. बालवाडीच्या सणांसाठी त्यानं शेकडो गाणी आणि गोष्टी लिहिल्या, आणि १९७८ मध्ये त्याला बालसाहित्यासाठी इस्राएल पुरस्कार मिळाला. हनुक्का या दिव्यांच्या सणातल्या भोवऱ्याचं त्याचं गाणं आज शिकागोतही म्हटलं जातं. बालवाडीतून शिकून आलेली मुलं घरी आईची भाषा दुरुस्त करू लागली. मूल घराला शिकवतं, ही गोष्ट तेव्हापासूनची.

आजच्या इस्राएलमध्ये बालवाडीला 'गन', म्हणजे बाग, म्हणतात. बहुतेक गन शाळेच्या इमारतीत नसतात. वस्तीत सुटी उभी असतात आणि त्यांना डाळिंब, ऑलिव्ह, अंजीर अशी झाडाफुलांची नावं असतात. सरकारी गनमध्ये एका शिक्षिकेकडे ३५ पर्यंत मुलं असू शकतात. ही संख्या जास्त आहे अशी पालकांची जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. वाढदिवसाला मुलाच्या डोक्यावर मुकुट चढतो, त्याला खुर्चीत बसवून जितकी वर्षं तितक्या वेळा वर उचलतात आणि पुढल्या वर्षासाठी आणखी एकदा.

सणांचा पसारा मोठा आहे. त्यातला एकच धागा सांगतो. हिवाळ्याच्या अखेरीस तू बिशवात हा झाडांचा सण येतो. १८९० मध्ये झेव यावेत्स या शिक्षकानं झिखरोन याकोव्ह इथे आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन या दिवशी झाडं लावली, आणि तिथून इस्राएलमध्ये मुलांनी रोपं लावायची प्रथा पडली. पण बॉस्टनमध्ये तेव्हा बर्फ असतं. तिथल्या बालवाड्यांनी तोड काढली. मुलं कागदी पेल्यांत पार्सलीचं बी पेरतात आणि खिडकीत ठेवतात. दोन महिन्यांनी पेसाह, म्हणजे इजिप्तमधून सुटकेचा सण, येतो तोवर पार्सली हाताएवढी होते, आणि पेसाहच्या रात्री मिठाच्या पाण्यात बुडवून खायची भाजी म्हणून ती घरच्या ताटात जाते. त्याच रात्री घरातल्या सर्वांत लहान मुलानं चार प्रश्न विचारायचे असतात. प्रश्नाशिवाय सोहळा पुढे सरकत नाही. बालवाडीत आठवडेच्या आठवडे त्याची तालीम चालते.

या सगळ्यावर एक सावलीही आहे. १० ऑगस्ट १९९९ रोजी लॉस एंजेलिसमधल्या एका ज्यू समाजकेंद्रात शिरून एका वंशद्वेष्ट्यानं गोळीबार केला. जखमी झालेल्या पाचांत तीन लहान मुलं होती. तिथून निघाल्यावर त्यानं एका फिलिपिनो-अमेरिकन टपाल कर्मचाऱ्याला ठार मारलं. ज्यू शाळांच्या दारावर आज पहारेकरी, कॅमेरे आणि कुलुपं असतात. मुलं त्यांच्या समोरून रोज आत जातात.

अमेरिकेत या शाळांवर इतका भार का पडला, याचं उत्तर आकड्यांत मिळतं. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२० च्या पाहणीनुसार २०१० नंतर लग्न झालेल्या अमेरिकी ज्यूंपैकी ६१ टक्के लोकांचा जोडीदार ज्यू नाही. अनेक घरांत सिनेगॉगशी नातं उरलेलं नाही. बालवाडी मात्र नोकरी करणाऱ्या आई-बापांना हवीच असते. शुक्रवारी मुलाच्या हातात गरम खल्ला येतो, त्याच्यासोबत आशीर्वाद लिहिलेला कागद येतो, आणि संध्याकाळी मूल आईला विचारतं की आपल्या घरी मेणबत्त्या कुठे आहेत. न्यूयॉर्कच्या ९२ स्ट्रीट वाय या संस्थेची बालवाडी १९३८ पासून चालते आहे. अशा शाळांत ज्यू नसलेली मुलंही येतात. श्रद्धा अशी बालवाडीतून परत येते का, यावर मतभेद होऊ शकतात. सवय मात्र परत येते, आणि आठवड्याची सवय ही या धर्माचा कणा आहे असं माझं मत आहे.

त्याचा पुरावा मराठी वाचकापासून दूर नाही. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाकडे कैक शतकं ना हिब्रू शाळा होती, ना धर्मगुरू, ना ग्रंथ. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण झालो अशी त्यांची परंपरागत समजूत. तेलाचे घाणे चालवणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. हिब्रू विसरली, सणांची नावं मराठी झाली: नव्याचा सण, खिरीचा सण, दारं लावून घरात उपवास करायचा तो दारफाळणीचा सण. आठवडा मात्र सुटला नाही. द्राक्षरस नव्हता तर मनुका भिजवून सरबत केलं. तिथे घर हीच शाळा होती. अमेरिकेत आता शाळेला घर व्हावं लागतं आहे.

शाळा आली ती एकोणिसाव्या शतकात. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुलं शिकू लागली. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची स्वतःची शाळा काढली, जिथे हिब्रूही शिकवली जाई. तीच पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने माझगावात नांदली. आज तिथले बहुसंख्य विद्यार्थी इतर धर्मांचे आहेत. केहीमकरांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यात सणांचं वर्णन आहे. पण शुक्रवारच्या संध्याकाळी पाच वर्षांच्या मुलीला काय करायला सांगत, दिव्यात तेल कोण घाली, शनिवारी घाण्यापाशी किंवा शेतात खेळायला मिळे का, हे सविस्तर मराठीत कुठे तरी नोंदलेलं हवं. १९४८ च्या सुमाराला वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज भारतात आता चार-पाच हजारांवर आला आहे. ज्यांचं बालपण रेवदंड्यात, पेणला, पनवेलला गेलं अशी माणसं आज ठाण्यात आहेत, आणि इस्राएलमध्ये लोद, अश्दोद, दिमोना इथे आहेत; त्यातली कितीतरी अजून मराठी बोलतात. लोकसंस्कृतीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे जावं, त्यांचा शुक्रवार आणि शनिवार त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावा. हे काम येत्या दहा वर्षांतच होऊ शकेल.