व्यक्तिचित्रापूर्वीची तयारी

घरातील वडीलधारे माणूस निवर्तले की भिंतीवर लावण्यासाठी त्याचे छायाचित्र शोधले जाते. पुष्कळदा चांगले छायाचित्र सापडत नाही. मग एखाद्या लग्नातील समूहचित्रातून चेहरा वेगळा काढला जातो किंवा ओळखपत्रावरील चित्र मोठे करून घेतले जाते. त्यात चेहरा ओळखू येतो. परंतु त्या माणसाचे बोलणे, हसणे, मायेने पाहणे यांची खूण त्यात उरत नाही. ज्या छायाचित्रात चेहऱ्याबरोबर स्वभावही उमटतो, त्याला व्यक्तिचित्र म्हणता येईल. असे चित्र योगायोगाने क्वचितच मिळते. त्यासाठी पूर्वतयारी करावी लागते.

छायाचित्रणाची पहिली व्यवहार्य पद्धत १८३९ साली पॅरिस येथे जाहीर झाली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. त्या काळी चित्र उमटण्यास बराच वेळ लागे. तोवर माणसाला निश्चल बसावे लागे. मान हलू नये म्हणून मागून आधारही दिला जाई. जुन्या चित्रांतील चेहरे ताठर दिसतात, याचे हे एक कारण होय. आज क्षणार्धात चित्र निघते, तरीही चेहरे ताठरतात. आता हा दोष यंत्राचा नसून संकोचाचा असतो. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) या मराठी छायाचित्रकारांनी चित्रपटसृष्टीतील नामवंतांची व्यक्तिचित्रे काढून देशभर कीर्ती मिळवली. अशा कलावंतांना कॅमेऱ्याची सवय असते. सामान्य माणसाला ती नसते. म्हणूनच त्याच्या व्यक्तिचित्राची तयारी अधिक काळजीपूर्वक करावी लागते.

ही तयारी कशी करावी, हे एका उदाहरणाने समजून घेऊ. वाराणसीत पंचगंगा घाटाच्या वरच्या बाजूस मंगला गौरीचे मंदिर आहे. जवळच औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले बिंदुमाधवाचे मंदिर आहे. या परिसरात, तसेच दुर्गाघाट व ब्रह्माघाट येथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. समजा, येथील पंचाहत्तर वर्षांच्या एका आजींचे व्यक्तिचित्र त्यांच्या मुलीला काढून घ्यायचे आहे.

व्यक्तीची ओळख

छायाचित्रकाराने पहिल्या भेटीत कॅमेरा बाहेर काढू नये. आजींशी निवांत बोलावे. त्यांचा दिवस कसा जातो, त्या नेहमी कोठे बसतात, वाती वळताना किंवा पोथी वाचताना चष्मा लावतात का, हे पाहावे. मुलीला वाटेल, आईने पैठणी नेसावी व दागिने घालावेत. आजींना मात्र रोजचे सुती लुगडेच हवे असेल. अशा वेळी आजींचा शब्द अखेरचा मानावा, कारण चित्र त्यांचे आहे. हे चित्र पुढे कोणाला दाखवले जाईल, हेही त्यांना आधीच सांगावे. ते घराबाहेर जाऊ नये अशी त्यांची इच्छा असल्यास ती पाळावी.

स्थळ आणि प्रकाश

काशीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाट पश्चिम तीरावर, पूर्वाभिमुख आहेत. त्यामुळे उगवत्या सूर्याचे किरण थेट घाटावर येतात. सुरुवातीचा हा प्रकाश सौम्य असतो. नंतर तो प्रखर होतो, डोळे बारीक होतात आणि चेहऱ्यावर गडद सावल्या पडतात. दुपारनंतर उंच इमारतींची सावली पायऱ्यांवर उतरते. त्या सावलीतील समान प्रकाश वृद्ध चेहऱ्याला अधिक मानवतो. अरुंद गल्ल्यांत उजेड फक्त वरून येतो. कपाळ उजळते आणि डोळे काळोखात राहतात. मंगला गौरीच्या मंदिरातच मयूखादित्य आणि गभस्तीश्वर आहेत. मयूख आणि गभस्ती या दोन्ही शब्दांचा अर्थ किरण असाच आहे. या परिसरात प्रकाश असा नावांतही वसला आहे.

तथापि घाट कितीही सुंदर असला, तरी त्याच्या उंच पायऱ्या आजींच्या गुडघ्यांना झेपतील का, हा प्रश्न आधी विचारावा. झेपत नसतील, तर घरातील खिडकी पुरेशी आहे. खिडकीचा उजेड एका बाजूने चेहऱ्यावर येऊ द्यावा आणि दुसऱ्या बाजूस पांढरी चादर धरावी. चादरीवरून परतणाऱ्या उजेडाने सावली सौम्य होते.

दिवसाची निवड

मंगळवारी मंदिरात दर्शनाची गर्दी असते. पावसाळ्यात गंगेचे पाणी घाटाच्या पायऱ्यांवर चढते. कार्तिकात पंचगंगा घाटावर आकाशदीप लागतात. ते दृश्य मनोहर असले, तरी त्या गर्दीत निवांतपणा मिळत नाही. ऐन थंडीत सकाळी धुके असते. म्हणून फाल्गुनातील मंगळवार सोडून एखादा दिवस निवडावा. मंदिराच्या आवारात चित्र काढावयाचे असल्यास पुजाऱ्यांची परवानगी आधीच घ्यावी.

प्रत्यक्ष चित्रण

कॅमेरा आजींच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा आणि डोळे स्पष्ट दिसतील याची दक्षता घ्यावी. फार जवळून चित्र घेतल्यास नाक मोठे दिसते. म्हणून दीड ते दोन मीटर अंतर ठेवावे. ‘आजी, हसा’ असे सांगू नये. ‘आजी, या घरात तुम्ही पहिल्यांदा आलात, तो दिवस आठवतो का?’ असे विचारावे. पहिली काही चित्रे संकोच जाण्यातच खर्ची पडतील. त्यांनी निराश होऊ नये. तासाभराहून अधिक वेळ मात्र घेऊ नये, कारण थकवाही चेहऱ्यावर उमटतो.

शेवटी निवडक चित्रे आजींसमोर ठेवावीत आणि त्यांच्या पसंतीचे चित्र कागदावर छापून घ्यावे. त्याच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने नाव, तारीख व स्थळ लिहावे. एरवी दोन पिढ्यांनंतर चित्र राहते आणि ते कोणाचे, हे सांगणारे कोणी उरत नाही.

या साऱ्या कामासाठी महागडे साधन लागतेच असे नाही. साध्या मोबाइल फोननेही असे चित्र काढता येते. त्यासाठी समोरच्या माणसाला पुरेसा वेळ देण्याची तयारी हवी, आणि तो वेळ माणूस आपल्यात असतानाच द्यावा लागतो.