झाडावरचें मांजर आणि अग्निशामक दल

चैत्री पौर्णिमेच्या यात्रेंत येरमाळ्याच्या येडेश्वरीची पालखी डोंगरावरील देवळांतून निघून आमराईंत येते. भाविकांचे समुदाय चुनखडीचे खडे वेंचतात आणि आंब्यांच्या सावलींत विसावतात. अशा गर्दींत एखादें मांजर कुत्र्याला भिऊन झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसलें आणि केविलवाणें ओरडूं लागलें, तर त्याला खालीं कोणीं उतरवावें? शहरांतील गृहस्थाला उत्तर सोपें वाटतें. 101 या क्रमांकावर अग्निशामक दलाला कळविलें कीं शिडीची गाडी दारांत येईल! येरमाळ्याच्या रहिवाशाला मात्र गाडीची वाट कळंब, बार्शी किंवा धाराशिव यांसारख्या नगरपरिषदेच्या गांवाकडे पाहावी लागते.

हा भेद आकस्मिक नाहीं. 1992 सालच्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें जी बारावी अनुसूची जोडली, तींत नगरपालिकांकडे सोंपवावयाच्या कामांमध्यें अग्निशमन सेवेचें नांव आहे. ग्रामपंचायतींच्या अकराव्या अनुसूचींत तें नाहीं. म्हणजे गाडी नगराची, आणि मांजर मात्र कोठेंही चढणार! शहरांत क्षुल्लक भासणारा हा प्रश्न खेड्यांत नेऊन ठेवला म्हणजे त्याचें खरें स्वरूप दिसूं लागतें. मदतीचीं साधनें थोडीं असतांना तीं कोणासाठीं, केव्हां आणि कोणत्या क्रमानें खर्चावीं, हा तो प्रश्न होय.

प्रथम मांजराची अडचण समजून घ्यावयास हवी. त्याचीं नखें मागें वळलेल्या आंकड्यांसारखीं असतात. वर चढतांना तीं सालींत घट्ट रुततात आणि मागच्या पायांचे बळकट स्नायू शरीराला वर ढकलतात. परंतु डोकें खालीं करून उतरूं गेल्यास तेच आंकडे सालींतून सुटतात. खार आपला मागचा पाय घोट्यांत फिरवून नखें उलट्या दिशेला रोंवते, म्हणून ती सरसर उतरते. मांजराला तें साधत नाहीं. त्याला पाठमोरें, एकेक पाऊल मागें घेत उतरावें लागतें आणि भेदरलेल्या जीवाला ही युक्ति लवकर सुचत नाहीं.

तथापि बहुतेक मांजरें कांहीं तासांनीं, भूक लागली आणि भोंवतालीं शांतता झाली कीं, आपण होऊन उतरतात. पडलें तरी मांजर हवेंतच अंग वळवून पायांवर येतें. फ्रेंच शास्त्रज्ञ मारे यानें 1894 सालीं क्रमवार छायाचित्रें घेऊन हें वळणें जगाला दाखविलें. न्यूयॉर्कमध्यें उंच इमारतींवरून पडून रुग्णालयांत आणलेल्या 132 मांजरांची पाहणी 1987 सालीं प्रसिद्ध झाली; त्यांतलीं सुमारें नव्वद टक्के वांचलीं होतीं. अर्थात् जीं जागींच मेलीं, तीं रुग्णालयापर्यंत पोंचलींच नसणार. तेव्हां या आंकड्यावरून धीर घ्यावा, निष्काळजी होऊं नये. अनेक दिवस उपाशी राहिलेल्या मांजराचें यकृत बिघडतें आणि तें दगावूं शकतें, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आतां दुसरी बाजू. अग्निशामक दलाचें काम केवळ आग विझविण्याचें नाहीं. पडलेल्या घराखालून, विहिरींतून, अडकलेल्या उद्वाहकांतून माणसें काढणें हेंहि त्याचेंच काम. मुंबईंत संक्रांतीच्या सुमारास पतंगाच्या मांज्यांत गुंतलेल्या पांखरांसाठींहि जवानांना शिड्या चढाव्या लागल्या आहेत. पण शिडीवरच्या माणसाचें मोल किती असतें? 14 एप्रिल 1944 रोजीं मुंबईच्या गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि 66 अग्निशामकांनीं प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. तेथें संकट सबंध शहरावर होतें. उलट 2023 सालीं अहमदाबादेच्या बोपल भागांत विजेच्या तारेवरील एका पक्ष्याला सोडवितांना अग्निशामक दलाचा एक जवान विजेचा धक्का बसून मरण पावला. त्याची करुणा खोटी नव्हती. परंतु एका पांखरासाठीं एक घर उघडें पडलें.

एवढ्यावरून ‘प्राण्यांसाठीं गाडी कधींच पाठवूं नये’ असा नियम करावा काय? तसें केल्यास दुसराच अनर्थ ओढवतो. दल येत नाहीं असें कळलें कीं घरांतला मुलगा किंवा शेजारचा तरुण कमकुवत फांदीवर चढतो, आणि मग मांजराऐवजीं माणसाला उतरविण्यासाठीं तीच गाडी बोलवावी लागते. शिकविलेल्या माणसानें शांतपणें केलेलें काम हें अडाणी धाडसापेक्षां केव्हांहि सुरक्षित. म्हणूनच लंडनच्या अग्निशामक दलानें मधला मार्ग काढलेला आहे. नागरिकांनीं आधीं प्राणिरक्षक संस्थेला कळवावें, आणि त्या संस्थेला शिडीची गरज वाटली तर तिनें दलाला बोलवावें. करुणा आणि काटकसर यांची सांगड अशा क्रमानें घालतां येते.

महाराष्ट्रांतहि अशा शहाणपणाचें उदाहरण आहे. जुन्नरच्या बाजूला बिबट्या विहिरींत पडला तर वनखात्याचे लोक अनेकदां दोरांनीं बाज किंवा शिडी खालीं सोडतात आणि गर्दी मागें हटवितात. प्राण्याला वाट दिली आणि माणसांचें भय दूर केलें कीं अर्धें काम तो स्वतःच करतो. मांजराच्या बाबतींतहि हेंच करावें. कुत्रीं बांधावीं, बघे पांगवावे, बुंध्याला फळी अथवा शिडी टेकवून ठेवावी, खालीं त्याच्या ओळखीचें खाणें मांडावें आणि रात्र जाऊं द्यावी. दगड मारूं नयेत, झाड हालवूं नये. जवळून विजेची तार जात असेल तर कोणींही वर चढूं नये. आधीं महावितरणला कळवून प्रवाह बंद करवावा. मांजर जखमी असल्यास 1962 या क्रमांकावर पशुवैद्यकीय साहाय्य मागावें. सबंध दिवस लोटूनहि तें उतरलें नाहीं, अडकून लोंबकळूं लागलें किंवा क्षीण झालें, तर अग्निशामक दलाला अवश्य सांगावें. दलानेंहि दुसरें संकट हातीं नसेल तेव्हां यावें आणि वाटेंत आगीची वर्दी आली तर निःसंकोच तिकडे वळावें. अशा वेळीं मांजराच्या धन्यानें रुष्ट होण्याचें कारण नाहीं.

तात्पर्य, अग्निशामकांनीं मांजर उतरवावें, पण सर्वांच्या शेवटीं. दया हें एका खात्याचें काम नव्हे. तिचा पहिला वांटा झाडाखालीं उभ्या असलेल्या माणसांनींच उचलावयाचा असतो. येरमाळ्याच्या आमराईंतील माणूस गाडी दूर असल्यामुळें हें आपोआप करतो. शहरवासीयानें तें गाडी जवळ असूनहि करावयास शिकलें पाहिजे. कारण त्याच घटकेला त्या गाडीची वाट कोणाच्या तरी धुरानें भरलेल्या खोलींत पाहिली जात असेल.