व्हिडिओ अडतो कुठे?

ब्रह्मपुरीसारख्या कॉलेज-क्लासच्या गावात ऑनलाइन तास अडखळू लागला की दोन सल्ले हमखास मिळतात: मोठा प्लॅन घ्या, नाहीतर राउटरवर व्हिडिओला प्रायोरिटी द्या. दुसरा फुकटात होतो म्हणून त्यावर विश्वास जरा जास्तच बसतो. लिनक्सवर त्यासाठी ‘टीसी’ ही आज्ञा आहे. व्हिडिओची पॅकेट आधी सोडणारा नियम लिहिता येतो, तरी शिक्षकाचा आवाज तुटायचा तो तुटतोच. कारण प्राधान्याने लाइनची क्षमता वाढत नाही आणि रांग बहुधा लिनक्सच्या यंत्रात नव्हे, पुढच्या मोडेममध्ये लागलेली असते. जिथे रांगच नाही तिथे पुढे काढणार कोणाला?

समजा, अपलोड ४ एमबीपीएस आहे आणि मोडेमच्या बफरमध्ये १ एमबी डेटा मावतो. घरातल्या एका मोबाइलने फोटोंचा बॅकअप सुरू केला की बफर भरतो, आणि तो रिकामा व्हायला २ सेकंद लागतात. विद्यार्थ्याची शंका शिक्षकापर्यंत तेवढ्या उशिरा पोहोचते. स्पीड टेस्ट मात्र ठणठणीत. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास हा दोष ‘बफरब्लोट’ या नावाने चर्चेत आणला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ मांडले: रांग किती लांब हे न पाहता पॅकेट किती वेळ ताटकळले ते मोजायचे, आणि ५ मिलिसेकंदांहून जास्त थांबणे १०० मिलिसेकंद टिकले तर पॅकेट टाकून द्यायला लागायचे. ‘एफक्यू-कोडेल’ने प्रत्येक जोडणीला वेगळी रांग दिली. २०१८ साली लिनक्स ४.१९ मध्ये आलेले ‘केक’ याच्या जोडीने वेगाची मर्यादाही सांभाळते. ती मर्यादा खऱ्या अपलोडपेक्षा थोडी कमी, इथे ३.६ एमबीपीएस ठेवली की रांग मोडेममधून आपल्या ताब्यात येते.

‘पैसे भरलेला वेग आपणच का कापायचा?’ हा आक्षेप रास्त आहे, पण गेलेल्या दहा टक्क्यांच्या बदल्यात दोन सेकंदांची खोटी संपते. मग प्राधान्य निरुपयोगी का? तसेही नाही, पण व्हिडिओ व्हिडिओत फरक आहे. यूट्यूब रेकॉर्ड केलेले व्याख्यान काही सेकंद आधीच उतरवून ठेवते. त्याला घाई नसते. घाई असते ती थेट संवादाला. शिवाय यूट्यूब आणि बाकीची बहुतेक वेब वाहतूक ४४३ याच पोर्टवरून जाते, त्यामुळे पोर्ट पाहून व्हिडिओ ओळखण्याचे नियम फसतात. पॅकेटवर डीएससीपीची, म्हणजे प्राधान्यवर्ग सांगणारी, खूण केली तर आपल्या राउटरपुरता उपयोग होतो. पुढचे नेटवर्क ती पाळेलच असे नाही. आणि केकच्या चार वर्गांच्या मांडणीतही व्हिडिओचा वर्ग निम्म्याहून जास्त लाइन खाऊ लागला की त्याचे झुकते माप काढून घेतले जाते. सगळ्यांनाच व्हीआयपी केले तर व्हीआयपी उरत नाही, हे केक लिहिणाऱ्यांना ठाऊक होते.

डाउनलोडची गोष्ट अवघड. पॅकेट लाइन ओलांडून आलेले असते. आलेली वाहतूक ‘आयएफबी’ या आभासी इंटरफेसवर वळवून काही पॅकेट टाकून द्यायची, म्हणजे पाठवणारा सर्व्हर आपणहून हात आखडतो. हे फायबरवर जमते. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावात ४जी राउटरवर मात्र खरा वेगच सारखा बदलतो, आणि एकच आकडा सकाळी जाचक तर संध्याकाळी निरर्थक ठरतो. तिथे विलंब मोजून मर्यादा खालीवर करणारी स्क्रिप्ट लावावी लागते. टॉवरपर्यंत सिग्नलच धड पोहोचत नसेल, तर टीसीच्या कुठल्याही ओळीने तो पोहोचणार नाही.